एकच नाव, माणसं वेगळी: इतिहासातले नावांचे गोंधळ सोडवायचे कसे

बाजीराव म्हटलं की अर्ध्या लोकांना पालखेड आठवतं आणि उरलेल्यांना वसईचा तह. हे दोन बाजीराव वेगळे, एक आजोबा आणि एक नातू, हे माहीत असूनही लिहिताना घोळ होतोच. थोरले बाजीराव १७४० ला रावेरखेडीला गेले, दुसरे १८५१ ला ब्रह्मावर्ताला म्हणजे बिठूरला, मधे शंभरावर वर्षं आहेत, तरी राज्य कुणी घालवलं यावर वाद सुरू झाला की शिव्या बऱ्याचदा भलत्याच माणसाला पडतात.

यावर नेहमीचा सल्ला असतो की पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे पाठ करा. मला तो सल्ला फारसा पटत नाही. आकडे नंतरच्या लोकांनी चिकटवलेले असतात. थोरल्या बाजीरावांना त्यांच्या हयातीत कुणी "पहिले" म्हटलं नसणार, कारण दुसरे येणार आहेत हे कुणाला माहीत होतं? पण सारख्या नावांची अडचण त्या काळच्या लोकांनाही होतीच, घराघरात नातवाला आजोबांचंच नाव ठेवलेलं असायचं, आणि त्यांनी त्यावर स्वतःचे उपाय काढलेले होते. वडलांचं नाव, गादी, हुद्दा, गाव, टोपणनाव. तेच उपाय आपण वापरायचे, आकडे नंतर बघू.

मधलं नाव वाचा, तिथेच सगळं आहे

पेशव्यांचं घराणं घ्या, सरावाला याच्यासारखं घराणं नाही. पहिले बाळाजी विश्वनाथ, म्हणजे विश्वनाथांचे बाळाजी. त्यांचे चिरंजीव बाजीराव बल्लाळ, बल्लाळ म्हणजे बाळाजीच. त्यांचे चिरंजीव बाळाजी बाजीराव, हेच नानासाहेब पेशवे. त्यांचे चिरंजीव माधवराव बल्लाळ आणि नारायणराव बल्लाळ. नारायणरावांचे चिरंजीव माधवराव नारायण, म्हणजे सवाई माधवराव. आणि राघोबादादांचे, म्हणजे रघुनाथ बाजीरावांचे चिरंजीव बाजीराव रघुनाथ, हे दुसरे बाजीराव.

आता परत एकदा नुसती मधली नावं बघा. बाजीराव बल्लाळ आणि बाजीराव रघुनाथ यात गोंधळ होऊच शकत नाही. माधवराव बल्लाळ आणि माधवराव नारायण यातही नाही. म्हणजे पाठ करायला काही उरतच नाही, फक्त नाव पूर्ण वाचायचं. पानिपतावरचे भाऊ घ्या, ते सदाशिव चिमणाजी, म्हणजे चिमाजी अप्पांचे चिरंजीव, म्हणजे नानासाहेबांचे चुलतभाऊ. नावातच नातं दिलंय. गंमत म्हणजे याच भाऊंच्या नावाने पानिपतानंतर एक तोतया उभा राहिला आणि काही काळ त्याने भलताच गोंधळ घातला, म्हणजे सारखं नाव ही नुसती विद्यार्थ्यांची अडचण नाही, राज्य हलवणारं प्रकरण होऊ शकतं.

शिक्के वाचायची सवय लावली तर अजून मजा आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात साधारणपणे आधी छत्रपतींचं नाव येतं, मग "नरपती हर्षनिधान", मग पेशव्याचं वडलांसकट नाव आणि शेवटी "मुख्य प्रधान". म्हणजे एका शिक्क्यात दोन माणसं ओळखू येतात आणि ती एकमेकांना तपासतात. समजा शिक्क्यात राजाराम आणि माधवराव बल्लाळ आहेत, तर राजाराम म्हणजे १७४९ नंतर साताऱ्याच्या गादीवर आलेले रामराजे, शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव नव्हेत, ते १७०० सालीच गेलेले. आणि शाहू हे नाव माधवराव नारायणांबरोबर दिसलं तर ते धाकटे शाहू, १७७७ ला गादीवर आलेले, कारण थोरले शाहू १७४९ ला गेले आणि सवाई माधवराव जन्मलेच १७७४ ला. एका नावावर शंका आली तर शेजारच्या नावाला विचारायचं, ही सवय पुढे सगळीकडे कामी येते.

हाच प्रकार एकोणिसाव्या शतकात पण चालतो. गोपाळ गणेश, गोपाळ कृष्ण आणि गोपाळ हरी. आगरकर, गोखले आणि लोकहितवादी देशमुख. जुन्या लिखाणात नुसतं "गोपाळराव" आलं की थांबायचं, आणि मधलं नाव किंवा आडनाव सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. चौथे गोपाळराव पण आहेत, आनंदीबाई जोशींचे यजमान, ते तर आणखी वेगळंच प्रकरण.

गादी कुठली ते विचारा

छत्रपतींच्या बाबतीत मधल्या नावापेक्षा गादी जास्त उपयोगी पडते. सातारा का कोल्हापूर हा प्रश्न आधी विचारायचा, वर्ष नंतर.

एक उदाहरण नीट बघू, कारण यात भले भले अडकतात. १७३१ चा वारणेचा तह. पुस्तकात वाक्य येतं की हा तह शाहू आणि संभाजी यांच्यात झाला. आता ज्याला थोडाफार इतिहास माहितीये त्याला हे वाक्य विचित्र वाटतं, कारण शाहू तर संभाजी महाराजांचे चिरंजीव, आणि संभाजी महाराज १६८९ लाच गेले, मग बापलेकात तह कसा आणि तोही बेचाळीस वर्षांनी? उत्तर असं की हे संभाजी कोल्हापूरचे. राजाराम महाराज आणि राजसबाई यांचे चिरंजीव, १७१४ ते १७६० कोल्हापूरच्या गादीवर, म्हणजे शाहूंचे चुलतभाऊ. आता तह व्यवस्थित समजतो, दोन चुलतभावांनी वारणा नदी धरून राज्याच्या हद्दी ठरवल्या.

या संभाजींना कुठे "दुसरे संभाजी" म्हणतात तर कुठे "कोल्हापूरचे पहिले संभाजी". दोन्ही बरोबर आहे, मोजणी कुठून सुरू केली त्यावर आहे. म्हणूनच म्हटलं, आकड्यावर विसंबू नका. त्यात शहाजीराजांच्या थोरल्या मुलाचं नावही संभाजीच होतं, शिवाजी महाराजांचे मोठे भाऊ, कनकगिरीला पडलेले. म्हणजे तीन संभाजी झाले, आणि गादीवर बसलेले त्यातले दोनच.

शाहूंचंही तेच. थोरले शाहू साताऱ्याचे, ज्यांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली. राजर्षी शाहू कोल्हापूरचे, १८७४ ते १९२२, ज्यांनी १९०२ ला राखीव जागांचा हुकूम काढला. दोघांच्या मधे दीडशे वर्षांचं अंतर आहे पण शाळेच्या निबंधात दोघं एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात. "राजर्षी" हा शब्द दिसला की कोल्हापूर, एवढं धरून ठेवलं तरी पुष्कळ. आणि राजाराम हे नाव कोल्हापूरच्या गादीवर पण परत परत येतं, त्यातले एक तरुण राजाराम महाराज १८७० ला युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला गेले आणि त्यांचं स्मारक अजून तिथे आहे, राजर्षींचे चिरंजीव राजाराम ते वेगळे.

दत्तक गेलेला माणूस दोनदा शोधा

राजघराण्यात दत्तक आला की नाव बदलतं, वडील बदलतात, कधी आडनावसुद्धा बदलतं. त्यामुळे वरची वडलांच्या नावाची युक्ती इथे उलटी पडू शकते. राजर्षी शाहू मूळचे कागलच्या घाटग्यांच्या घरातले यशवंतराव, १८८४ ला दत्तक आले तेव्हा शाहू झाले. बडोद्याचे सयाजीराव मूळचे गोपाळराव, कवळाणे गावचे, १८७५ ला दत्तक. सत्तावन्नचे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ ला दत्तक घेतलेले.

म्हणून चरित्र वाचताना आधी बघायचं की हा माणूस दत्तक आहे का. असेल तर कागदावर दोन ओळी लिहायच्या, जन्माचं नाव आणि जन्माचे वडील, गादीवरचं नाव आणि दत्तक वडील. पुढे कुठल्या कागदात कुठलं नाव येईल सांगता येत नाही. नुसतं "यशवंतराव" वाचून होळकर आठवले आणि कागद निघाला १८८० चा, तर होळकर असणं शक्यच नाही, ते १८११ ला गेले.

नाना नेमके कुठले

टोपणनावं हा सगळ्यात वाईट प्रकार. नाना, दादा, भाऊ, अप्पा, बाबा, तात्या. ही नावं घरातली, आणि घरात सगळ्यांना माहीत असतं कोण ते, म्हणून कागदात पुढे काही लिहिलेलंच नसतं.

नानांची यादी बघा. नानासाहेब पेशवे, म्हणजे बाळाजी बाजीराव, पानिपतानंतर काही महिन्यांत १७६१ ला गेले. नाना फडणवीस, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, १७४२ ते १८००. दोघांचं टोपणनाव नाना आणि खरं नावही बाळाजीच, म्हणजे खरं नाव शोधून काढलं तरी सुटका नाही, परत मधल्या नावावरच यावं लागतं. मग बिठूरचे नानासाहेब, १८५७ चे. मग मुंबईचे नाना शंकरशेट, खरं नाव जगन्नाथ, १८०३ ते १८६५, म्हणजे सत्तावन्न साली दोन नाना एकाच वेळी हयात होते, एक कानपुरात लढत होता आणि दुसरा मुंबईत शाळा, रेल्वे आणि नगरपालिकेच्या कामात होता. आणि शेवटी क्रांतिसिंह नाना पाटील, साताऱ्याचं पत्री सरकार, १९०० ते १९७६.

इथे काय करायचं, तर हयातीची पट्टी काढायची. कागदावर आडवी रेघ, त्यावर वर्षं, आणि प्रत्येक नानाची हयात तिच्याखाली वेगळ्या रेघेने दाखवायची. मग ज्या घटनेबद्दल वाचताय ते वर्ष घेऊन उभी रेघ मारायची. ती ज्यांच्या हयातीला कापते तेवढेच उमेदवार, बाकीचे बाद. पाचातून बहुतेक वेळा एक किंवा दोन उरतात, आणि उरलेल्या दोघांत गाव आणि धंदा बघून निकाल लागतो. हे करायला पाच मिनिटं लागत नाहीत पण कुणी करत नाही, सगळे आठवणीवर चालतात.

टोपणनावाचा एक फायदाही आहे, सापडलं की ते फार नेमकं असतं. दुसऱ्या बाजीरावांना लोक रावबाजी म्हणायचे. जुन्या लिखाणात रावबाजी दिसलं की थोरले बाजीराव नाहीत हे पक्कं. तसंच सवाई हे माधवराव नारायणांचंच. थोरले, धाकटे, सवाई, राजर्षी, पंडिता, क्रांतिसिंह, ही लेबलं लोकांनी उगाच लावलेली नाहीत, ती आपल्या कामाची आहेत, लिहिताना गाळू नका.

बायकांची नावं शोधताना

इथे जरा जास्त वेळ द्या, कारण इथे दोन अडचणी एकावर एक बसलेल्या आहेत. एक तर लग्नात नाव बदलायचं, दुसरं म्हणजे बदलून ठेवली जाणारी नावं ठरावीकच, रमा, लक्ष्मी, आनंदी, सरस्वती.

आता हे बघा. मणिकर्णिका तांबे लग्नानंतर लक्ष्मीबाई झाल्या, त्या झाशीच्या राणी, १८५८ ला लढताना गेल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६८ ला, मनकर्णिका गोखले जन्मल्या, त्या लग्नानंतर लक्ष्मीबाई टिळक झाल्या, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पत्नी आणि मराठीतल्या फार मोठ्या लेखिका. माहेरचं नाव जवळपास तेच आणि सासरचंही तेच. त्यात टिळक आडनाव बघून कुणी त्यांना लोकमान्यांच्या घरात नेऊन बसवतं, ते तर पूर्ण वेगळं घर.

दुसरं उदाहरण. यमुना कुर्लेकर लग्नानंतर रमाबाई रानडे झाल्या. कल्याणच्या यमुना जोशी लग्नानंतर आनंदीबाई झाल्या, डॉक्टर आनंदीबाई जोशी, १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या. माहेर आणि सासर दोन्हीकडे आडनाव जोशीच, म्हणजे तीही एक फसगत. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना सगळे बाया कर्वे म्हणायचे, त्या माहेरच्या गोदूबाई, आणि आडनाव परत जोशीच! आणि राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई पेशवे या शंभर वर्षं आधीच्या, यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

रमाबाई किती ते मोजूच. माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई, १७७२ ला थेऊरला सती गेल्या. पंडिता रमाबाई, १८५८ ते १९२२, शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन. रमाबाई रानडे, पुण्याच्या सेवासदनाच्या, १९२४ ला गेल्या. रमाबाई आंबेडकर, बाबासाहेबांच्या पत्नी, १९३५ ला गेल्या. यातल्या मधल्या दोघींचा घोळ सगळ्यात जास्त होतो आणि त्याला कारणही आहे, पंडिता रमाबाई १८८२ ला पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि तिथे रमाबाई रानडे जायच्या. म्हणजे एकच शहर, एकच वर्ष, एकच सभा, आणि दोघी रमाबाई. इथे हयातीची पट्टी काहीच कामाची नाही, दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात.

मग इथे संस्थेवरून ओळखायचं. शारदा सदन म्हणजे पंडिता, सेवासदन म्हणजे रानडे. धर्मांतर, इंग्लंड, अमेरिका आलं की पंडिता. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात हजर होत्या त्या पंडिता रमाबाई, आणि पुढे बाया कर्वे सुरुवातीच्या काळात शिकल्या त्या शारदा सदनातच, म्हणजे ही सगळी नावं एकमेकांत किती गुंतलेली आहेत बघा, एक चुकलं की पाच चुकतात.

स्त्रियांबद्दल टिपण काढताना म्हणून तीन खाने करा, माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि काम. तिसरा खाना सगळ्यात भरवशाचा, कारण पहिले दोन दुसऱ्यांनी ठेवलेले असतात.

एकाच गावात, एकाच काळात, विरुद्ध मतांचे

दोन विष्णुशास्त्री लक्षात ठेवा. विष्णुशास्त्री पंडित, १८२७ ते १८७६, विधवाविवाहाच्या बाजूने आयुष्यभर भांडले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, १८५० ते १८८२, निबंधमालाकार, ज्यांनी सुधारकांवर जबरदस्त झोड उठवली. समजा एखाद्या लेखात "विष्णुशास्त्र्यांनी विधवाविवाहाचा पुरस्कार केला" असं आलं आणि तुम्ही आपोआप चिपळूणकर धरलेत, तर अख्खा माणूस उलटा झाला. आडनाव नसेल तर मत बघा, मत त्या माणसाच्या बाकीच्या आयुष्याशी जुळतंय का ते बघा. जुळत नसेल तर त्या माणसाने मत बदललं असं समजण्याआधी हा माणूसच दुसरा असेल का ते तपासा.

बाकीच्या जोड्या भराभर सांगतो. मोरोपंत पिंगळे शिवाजी महाराजांचे पेशवे, आणि मोरोपंत कवी म्हणजे पराडकर, अठराव्या शतकातले. कान्होजी जेधे मावळातले, कान्होजी आंग्रे आरमाराचे. समर्थ रामदास १६०८ ते १६८१, आणि शिखांचे चौथे गुरू रामदास त्यांच्या जन्माआधीच, १५८१ ला गेलेले. "नामा म्हणे" अशी सही दिसली म्हणून दरवेळी संत नामदेवच असतील असं नाही, सोळाव्या शतकातले विष्णुदास नामा पण आहेत आणि दोघांच्या रचना एकमेकांत मिसळलेल्या आहेत, त्यामुळे तिथे भाषा किती जुनी वाटते ते बघावं लागतं, आणि ते काम आपल्यासारख्यांचं नाही, संपादित गाथा बघायची.

आडनावच नाव होऊन बसतं तेव्हा

विज्ञानात लोक आडनावानेच ओळखले जातात आणि त्यामुळे बोस हा शब्द आला की तीन माणसं उभी राहतात. जगदीशचंद्र बोस, १८५८ ते १९३७, रेडिओलहरी आणि वनस्पतींवरचे प्रयोग. सत्येंद्रनाथ बोस, १८९४ ते १९७४, ज्यांच्या १९२४ च्या कामावरून बोस-आइनस्टाइन सांख्यिकी आली आणि ज्यांच्या नावावरून बोसॉन. आणि सुभाषचंद्र, ते राजकारणातले. बोसॉन जगदीशचंद्रांच्या नावावर खपवलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. ओळखायला सोपं आहे, कण किंवा आइनस्टाइन आलं की सत्येंद्रनाथ, झाडं आली की जगदीशचंद्र. आणि स्पीकरवरचं बोस ते अमर बोस, अमेरिकेतले, यांचा तिघांशी संबंध नाही.

जुन्या गणितज्ञांमध्ये भास्कर दोन आणि आर्यभट दोन. पहिले भास्कर सातव्या शतकातले, आर्यभटांच्या ग्रंथावर भाष्य लिहिणारे. दुसरे म्हणजे भास्कराचार्य, जन्म १११४, लीलावतीवाले. मधे पाचशे वर्षं. आणि कुठे भास्कर-१ आणि भास्कर-२ असं रेघ मारून लिहिलेलं दिसलं तर ते इस्रोचे १९७९ आणि १९८१ चे उपग्रह, सर्च केलं की तेही मधे येतात.

आकडे वापरायचेच असतील तर

युरोपच्या राजांमध्ये आकड्याशिवाय चालत नाही हे खरं, सगळे हेन्री, लुई, जॉर्ज, एडवर्ड. पण आकडा वाचताना "कुठला" हे विचारायचं. स्कॉटलंडचे सहावे जेम्स १६०३ ला इंग्लंडचे पहिले जेम्स झाले, माणूस एकच, आकडे दोन. फ्रान्समध्ये सोळाव्या लुईनंतर राज्यावर आला तो अठरावा, कारण सतरावा म्हणजे छोटा राजपुत्र, १७९५ ला कैदेतच गेला आणि गादीवर कधी बसलाच नाही, पण आकडा त्याच्यासाठी सोडलेला. पोपांमध्ये तर विसावा जॉन नाहीच, मोजणीत चूक झाली आणि तशीच राहिली, आणि तेविसावे जॉन मात्र दोन, एक पंधराव्या शतकातला ज्याला चर्च खरा पोप मानत नाही, आणि दुसरे १९५८ ला निवडून आलेले. म्हणजे आकडे गाळलेले असू शकतात, दोनदा वापरलेले असू शकतात आणि एकाच माणसाला दोन असू शकतात.

मेरी हा घोळ पण इथलाच. इंग्लंडची राणी मेरी, जिला ब्लडी मेरी म्हणतात, १५५८ ला गेली. स्कॉटलंडची राणी मेरी वेगळी, जिचा एलिझाबेथने १५८७ ला शिरच्छेद करवला. पहिली एलिझाबेथची सावत्र बहीण, दुसरी नात्यातली. इथेही गादी विचारली की काम झालं.

ज्यांना स्वतःलाच त्रास झाला

एकाच वेळी जिवंत असलेल्या दोन विन्स्टन चर्चिलांची गोष्ट सांगतो, कारण त्यातून एक पद्धत मिळते. एक इंग्लंडचे, पुढे पंतप्रधान झालेले, १८७४ ते १९६५. दुसरे अमेरिकेतले कादंबरीकार, १८७१ ते १९४७. आणि १८९९ च्या सुमाराला जास्त नावाजलेले होते ते अमेरिकन. तर इंग्लंडच्या चर्चिलांनी त्यांना पत्र लिहून कळवलं की घोळ टाळायला मी माझ्या पुस्तकांवर विन्स्टन स्पेन्सर चर्चिल असं नाव लावीन. म्हणून त्यांच्या पुस्तकांवर मधे एस दिसतो. म्हणजे नावातलं एखादं मधलं अक्षर बिनकामाचं वाटलं तरी गाळू नका, कधीकधी ते याच कामासाठी मुद्दाम घातलेलं असतं.

नेटवर शोधताना

नुसतं नाव टाकून सर्च केलं की सगळ्यात प्रसिद्ध माणूस वर येतो, तुम्हाला हवा तो नाही. नावासोबत गाव, काम किंवा वर्ष टाका. मराठी विकिपीडियावर एका नावाची अनेक पानं असली की निःसंदिग्धीकरण नावाचं पान असतं, आधी ते उघडा, उमेदवारांची आयती यादी मिळते. विकिडेटावर प्रत्येक माणसाला वेगळा नंबर असतो, नाव सारखं असलं तरी नंबर सारखा नसतो, त्यामुळे टिपणं खूप असतील तर तो नंबर बाजूला लिहून ठेवलेला बरा. लायब्ररीचे कॅटलॉग लेखकाच्या नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षं टाकतात, तीही याचसाठी.

फोटोंवर अजिबात विश्वास ठेवू नका. फोटोग्राफी लोकांसमोर आली १८३९ ला, त्याआधी गेलेल्या माणसाचा "दुर्मिळ फोटो" म्हणून काही फिरत असेल तर तो एकतर चित्र आहे किंवा दुसऱ्याच माणसाचा आहे. नाना फडणवीसांचा फोटो असूच शकत नाही, नाना शंकरशेटांचा असू शकतो. एवढ्या एका हिशोबाने निम्मे फॉरवर्ड बाद होतात.

स्वतः लिहिताना

पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव, कंसात हयात, आणि लोकांनी लावलेलं लेबल. "थोरले माधवराव पेशवे (१७४५–१७७२)". पुढे नुसतं माधवराव चालेल, पण त्याच लेखात सवाई माधवराव आले की दोघांनाही कायम लेबल लावा, एकालाच लावून चालत नाही, वाचणारा मधूनच वाचायला लागलेला असतो. महादजी शिंद्यांना पण काही कागदांत माधवराव म्हटलेलं आहे, तिथे तुम्ही महादजीच लिहा.

आणि काही ठिकाणी सगळं करूनही निकाल लागत नाही. पतंजली एक का दोन, महाभाष्य लिहिणारे आणि योगसूत्रं लिहिणारे एकच का वेगळे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नागार्जुनांचंही तसंच, बौद्ध तत्त्वज्ञ आणि रसायनवाले. अशा वेळी ग्रंथावरून बोलायचं, महाभाष्यकार पतंजली, योगसूत्रकार पतंजली. यात तुम्ही एक का दोन यावर काहीच बोललेला नसता, आणि वाचणाऱ्याला कुठल्या कामाबद्दल चाललंय ते बरोबर कळतं.